हरभऱ्यात पक्षीथांबे: घाटे अळीवर कोतवालाचा पहारा

घाटे अळी डोकं घाट्यात खुपसून अर्धं अंग बाहेर ठेवते. कोतवाल, साळुंकी यांना ती तेव्हा सहज सापडते. पण हरभऱ्याचं झाड जेमतेम गुडघाभर, पक्ष्याने बसावं कुठे? म्हणून थांबे लावायचे.

एकरी २० पुरेत. बांबूची किंवा तुराटीची काठी घ्या आणि वर हातभर आडवी काडी सुतळीने घट्ट बांधून इंग्रजी टीचा आकार करा. पिकाच्या वर दीड-दोन फूट राहील इतपत ती रोवा. आडवी काडी हलली तर पक्षी पुन्हा येत नाही. बहुतेक थांबे इथेच फसतात. फुलं लागण्याआधीच लावा, म्हणजे अळ्या लहान असतानाच टिपल्या जातात. रात्री याच काठीवर पिंगळा बसतो, उंदरांसाठी.

पेरतानाच हेक्टरी २०० ग्रॅम ज्वारी बियाण्यात मिसळली, तर ज्वारीची उभी ताटंच थांबे होतात. हा उपाय आम्हाला सर्वांत आवडतो: खर्च नाही, मजुरी नाही.

मात्र नुसत्या पक्ष्यांवर विसंबू नका. हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावा, अळ्या दिसू लागताच ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. जहाल कीटकनाशक मारून थांबे लावणं म्हणजे पाहुण्याला बोलावून विष वाढणं. अळ्या खाणारे पक्षी आणि मित्रकीटक दोन्ही जातात.

घाटे पक्व होऊ लागले की काठ्या काढून घ्या, नाहीतर पोपट त्यावर मुक्काम ठोकतात.