बर्फाचं वादळ येतंय: लाइट जाण्याआधी काय शिजवावं, गेल्यावर काय खावं आणि दुसऱ्या दिवशी बर्फावर गूळ कसा ओतावा

न्यू जर्सीत आम्ही पाहिलेलं पहिलं मोठं वादळ जानेवारी २०१६ चं. त्या वेळी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये २७.५ इंच बर्फ मोजला गेला. आम्ही आदल्या दिवशी सगळ्यांसारखंच दुकान गाठलं आणि दूध, ब्रेड, अंडी घेऊन आलो. शनिवारी दुपारी लाइट गेली. आमची शेगडी विजेची. अंडी तशीच राहिली, दूध गरम करायची सोय नाही. रात्री मुलीला पांघरुणात गुंडाळून गार ब्रेडला जॅम लावून दिला. त्या दिवशी आम्हाला खरा आधार झाला तो आईने पाठवलेल्या डिंकाच्या लाडवांच्या डब्याचा.

तेव्हापासून वादळाचा अंदाज आला की मी एकच प्रश्न धरून स्वयंपाक करते: आत्ता लाइट गेली तर आम्ही काय खाऊ? याचं उत्तर तयार असलं की बर्फ पडताना बघण्यासारखं सुख नाही. खाली दिलेला क्रम त्या प्रश्नातून आलेला आहे.

आदल्या दिवशी

इथली मोठी वादळं बहुतेक नॉरईस्टर असतात. कमी दाबाचं क्षेत्र अटलांटिकच्या किनाऱ्याने वर सरकतं आणि वारे ईशान्येकडून येतात, म्हणून हे नाव. अशा वादळाचा अंदाज दोनतीन दिवस आधी येतो. हा वेळ वापरा.

दूध-ब्रेड मिळालं तर घ्याच, पण आधी घरातले डबे उघडून बघा. तांदूळ, मुगाची डाळ, बेसन, कुळथाचं पीठ, पोहे, गूळ, तूप, शेंगदाणे, आमसुलं एवढं असेल तर दोन दिवस आरामात निघतात. विकत आणायचं ते आलं, लसूण, लिंबं, कांदे, केळी आणि न शिजवता खाता येईल असं काहीतरी: चिवडा, खाकरा, दाण्याची चिक्की. ओक ट्री रोडवर, म्हणजे इथल्या भारतीय दुकानांच्या रस्त्यावर, जायचं असेल तर सकाळीच जा, संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही.

पिण्याचं पाणी माणशी दिवसाला १ गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, या हिशोबाने तीन दिवसांचं भरून ठेवा. ज्यांच्या घरी विहिरीचं पाणी आहे त्यांचा पंप विजेवर चालतो, त्यांनी तर हे विसरूच नये. फ्रीझरमध्ये रिकामी जागा असेल तिथे पाण्याच्या बाटल्या ठेवा, पण गळ्यापर्यंत भरू नका. गोठताना पाणी फुगतं. टॉर्चचे सेल बघा. कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे इंधन जळताना निघणाऱ्या विषारी वायूचा, अलार्म वाजतो ना, तेही बघा. आणि शेगडी गॅसची असेल तर लाइट नसताना ती काडीने पेटवता येते का, हे तिच्या माहितीपुस्तकात आजच वाचून ठेवा. सगळ्या शेगड्या पेटत नाहीत.

बर्फ सुरू होण्याआधी: खिचडी, सार आणि थर्मास

वादळाच्या सकाळी मी आधी आमसुलाचं सार करते. आठदहा आमसुलं अर्धा तास कोमट पाण्यात भिजत घालायची, कुस्करून गाळून घ्यायची, चार वाट्या पाणी, मीठ आणि गूळ घालून उकळायचं. वरून तुपात जिरं, हिंग आणि एक मिरची. हे सार उकळतं असतानाच थर्मासमध्ये भरायचं. थर्मासात आधी पाच मिनिटं उकळतं पाणी घालून ओतून टाकलं तर सार जास्त वेळ गरम राहतं. दुसऱ्या थर्मासात नुसतं उकळतं पाणी भरा. लाइट गेल्यावर चहा, दडपे पोह्यांवरचा शिपका, बाळाचं दूध, सगळं त्या पाण्यावर होतं.

मग खिचडी. एक वाटी तांदूळ, एक वाटी मुगाची डाळ, सहा वाट्या पाणी, हळद, मीठ, आल्याचा तुकडा. कुकरला चार शिट्ट्या. ही खिचडी पळीवाढी हवी, मोकळी नको. थंडीत घरातली हवा हीटिंगमुळे कोरडी पडते, घसा सुकतो, आणि अशा वेळी ओलसर, तुपाने मऊ झालेला घास सहज उतरतो. कुकरचं झाकण न उघडता तो जाड टॉवेलात गुंडाळून ठेवा, तास-दीड तास छान गरम राहतो. त्याहून जास्त वेळ बाहेर ठेवू नका. दोन तासांच्या आत खा किंवा पसरट भांड्यात काढून फ्रीजमध्ये टाका. शिजलेला भात कोमट अवस्थेत तासन् तास ठेवणं धोक्याचं असतं, बाहेर कितीही थंडी असली तरी.

याच वेळी केळी कुस्करून, गूळ आणि कणीक घालून गोड घारगे तळून ठेवले तर दोन दिवस गारसुद्धा चांगले लागतात. वेळ नसेल तर सोडून द्या.

बर्फ पडत असताना: कुळथाचं पिठलं

हे माझं सगळ्यात आवडतं काम, म्हणून थोडं विस्ताराने सांगते. बर्फ पडायला लागला की रस्त्यावरचा आवाज हळूहळू विरतो. ताजा, भुसभुशीत बर्फ आवाज शोषून घेतो, त्यामुळे ही शांतता केवळ भास नसते. अशा शांततेत लसणाच्या फोडणीचा आवाज घरभर ऐकू येतो.

चार चमचे कुळथाचं पीठ तीन वाट्या गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा. लोखंडी कढईत तेल तापवून मोहरी, हिंग, आठ ठेचलेल्या पाकळ्या लसूण, दोन सुक्या मिरच्या घाला. लसूण बदामी झाला पाहिजे, काळा नको; एकदा कडवट झाला की पिठलं वाचत नाही. हळद, तिखट, मग कालवलेलं पीठ ओतून सतत ढवळा. उकळी आली की दोन आमसुलं आणि मीठ. मंद आचेवर सातआठ मिनिटं शिजू द्या. पिठलं चमच्यावरून सहज ओघळेल इतपत पातळच उतरवा, कारण ताटात पडेपर्यंत ते घट्ट होतं. सोबत गरम भात आणि तूप. कोकणात हे पावसाळ्यात खातात. इथे बर्फ पडतो तेव्हा त्याच चवीची आठवण येते आणि मला तरी दोन्ही ऋतू एकाच कढईत भेटतात.

जेवणानंतर सगळ्यांना खिडकीपाशी बसवा. आमच्याकडे बदाम सात खेळतात. रात्री साडेआठला भारतात सकाळचे सात वाजलेले असतात, तेव्हा घरी व्हिडिओ कॉल करून बाहेरचा बर्फ दाखवायचा. माझी आई दर वेळी विचारते, "पोरीने टोपी घातलीय ना?"

लाइट गेली तर

फ्रीजचं दार उघडू नका. बंद ठेवला तर फ्रीज साधारण चार तास पुरेसा थंड राहतो. भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. दूध, दही बाहेर बर्फात पुरून ठेवावं असं प्रत्येकाच्या मनात येतं. तसं करू नका. ऊन पडलं की बर्फाखाली डबा तापू शकतो, आणि प्राणी येतात ते वेगळंच. त्याऐवजी बाहेर भांड्यात पाणी गोठवून तो बर्फाचा गोळा फ्रीजमध्ये आणून ठेवा.

आता थर्मास उघडायचे. दडपे पोहे करा: पातळ पोह्यांवर थोडं गरम पाणी शिंपडून, कांदा, खोबरं, लिंबू, मीठ, साखर घालून झाकून ठेवा. लाइट असतानाच तेलाची फोडणी करून बाटलीत भरून ठेवली असेल तर ती वरून घाला. सोबत पेल्यातून सार.

एक गोष्ट मनापासून सांगते. ऊब हवी म्हणून कोळशाची शेगडी, बार्बेक्यू किंवा जनरेटर घरात, गॅरेजमध्ये किंवा दारापाशी कधीही लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. जनरेटर घरापासून निदान २० फूट लांब. गॅसच्या शेगडीवर स्वयंपाक करा, घर तापवू नका. सगळ्यांनी एका खोलीत झोपा, दाराच्या फटीत टॉवेल लावा. नळाला बारीक धार चालू ठेवा आणि बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकखालची कपाटं उघडी ठेवा, म्हणजे पाइप गोठण्याची शक्यता कमी होते.

दुसऱ्या दिवशी: फावडं, मग गूळ

बर्फ थांबला की आधी थोडं खाऊन बाहेर पडा. बर्फ उचलण्यापेक्षा ढकला, थोडा थोडा करा. हृदयाचा त्रास असलेल्यांनी फावड्याला हात लावू नये, थंडीत एकदम पडणारा हा ताण जिवावर बेततो. शेजारी कुणी वयस्कर एकटं असेल तर त्यांच्या पायऱ्या आपणच साफ कराव्यात आणि वाटीभर खिचडी द्यावी. आमच्या शेजारच्या आजी आता तिला 'येलो राइस' म्हणत नाहीत, 'खिचरी' म्हणतात.

आणि मग मुलांचा कार्यक्रम. व्हरमाँट आणि क्यूबेकमध्ये मेपलचा पाक उकळून ताज्या बर्फावर ओततात. तो बर्फावर पडताच लवचीक चिकट पट्टी होतो, काडीवर गुंडाळून खातात; व्हरमाँटमध्ये सोबत आंबट काकडी देतात, गोड फार झालं की जीभ ताजी करायला. हा पाक २३५ अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे ११३ अंश सेल्सिअसपर्यंत नेतात. आपल्याकडे हाच गोळीबंद पाक. थर्मामीटर नसला तरी चालेल: वाटीत गार पाणी घेऊन थेंब टाकायचा, बोटांनी मऊ गोळी वळली की झालं.

चिक्कीचा नाही, साधा मऊ गूळ एक वाटी घ्या, दोन चमचे पाणी, एक चमचा तूप. मंद आचेवर वितळवून गोळी वळेपर्यंत आटवा. वेलची आणि मूठभर भाजलेले तीळ घाला. बर्फ मात्र उंच ढिगातला, वरचा कोरडा थर काढून मधला, पांढराशुभ्र घ्या. रस्त्याकडेचा, मीठ टाकलेला किंवा रस्ता साफ करणाऱ्या गाडीने लोटलेला बर्फ अजिबात नको. ताटात तो दाबून घट्ट बसवा आणि उकळता पाक चमच्याने बारीक धारेने ओता. पाक अतिशय गरम असतो, हे काम मोठ्यांनीच करावं. मिनिटभर थांबा. पट्टी उचलताना काडीला चिकटली आणि लवली तर जमलं. तुटली तर पाक पुढे गेला, तेव्हा पुढच्या धारेआधी त्यात चमचाभर पाणी घालून ढवळा.

संक्रांतीच्या आठवड्यात वादळ आलं तर आमच्याकडे तिळगूळ असाच वाटतात. काडी हातात देताना मुलगी म्हणते, "तिळगूळ घ्या, गोड बोला," आणि तिच्या हातमोज्यांना गूळ चिकटलेला असतो.