पाठिंबा, आधार की दुजोरा? नेमका शब्द कसा निवडावा

लिहिताना ‘पाठिंबा’ पटकन हाताशी येतो आणि मग माणसापासून बातमीपर्यंत सगळीकडे तोच चिकटवला जातो. मराठीने एवढे शब्द दिले असताना ही कंजुषी मला खरंच खटकते.

१. आधी पाहा, उभं काय ठेवायचं आहे. भिंत, वेल, खचलेलं माणूस यांना आधार. टेकू मात्र तात्पुरता, बाहेरून लावलेला. म्हणून ‘अपक्षांच्या टेकूवरचं सरकार’ म्हटलं की त्याची डळमळ वेगळी सांगावी लागत नाही. बातमीला दुजोरा, निष्कर्षाला पुष्टी. सभेत सूचक ठराव मांडतो, अनुमोदक त्याला अनुमोदन देतो. मागणी, उमेदवार, आंदोलन यांना पाठिंबा.

२. देणारा काय देतोय? नुसती संमती असेल तर पाठिंबा पुरे. पैसा, माणसं, वजन मागे उभं केलं तर पाठबळ. आपला वाटा उचलला तर हातभार, आणि तो ‘लावतात’.

३. आता विभक्ती तपासा. इथेच सर्वाधिक घोटाळा होतो. पाठिंबा गोष्टीला देतात, समर्थन गोष्टीचं करतात. ‘समर्थन दिलं’ ही हिंदीची छाया, टाळलेली बरी. शिवाय समर्थनात युक्तिवाद असतो. ‘त्यांनी संपाला पाठिंबा दिला’ म्हणजे ते संपाच्या बाजूने उभे राहिले. ‘त्यांनी संपाचं समर्थन केलं’ म्हणजे संप योग्य का, हे त्यांनी पटवून सांगितलं. ‘मारहाणीचं समर्थन करू नका’ यात म्हणूनच पाठिंबा बसत नाही.

४. शेवटी तुमचा कल बघा. ‘मित्राची बाजू घेतली’ हे साधं विधान. ‘पाठराखण केली’ म्हटलं की मित्रावर टीका होत होती हे कळतं. ‘कैवार घेतला’ तर मित्र दुबळा ठरतो. आणि ‘तळी उचलली’ लिहिलंत, तर ते तुम्हाला रुचलेलं नाही हे वाचकाला लगेच समजतं. यांतला पाठराखण मला फार जवळचा. नवरीसोबत सासरी जाते ती पाठराखीण. तीच सोबत या शब्दात आहे.

‘पाठपुरावा’ मात्र या यादीत घेऊ नका. अर्ज दिला, आठवड्याने विचारलं, पुन्हा स्मरणपत्र पाठवलं, हा पाठपुरावा. ‘आम्ही तुमच्या मागणीचा पाठपुरावा करतो’ असं लिहिलंत, तर लोक उद्यापासून तुम्हाला विचारायला येतील, काम कुठवर आलं?