रेडिओलॉजी की रेस्पिरेटरी? प्रवेश घेण्याआधी या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की नाशिकमध्ये पॅरामेडिकलच्या जाहिरातींचं पेव फुटतं. रिक्षांच्या पाठीवर, सीबीएस बसस्थानकाच्या आसपासच्या खांबांवर, मोबाइलवर, सगळीकडे ‘शंभर टक्के नोकरी’. एमबीबीएसला नंबर लागला नाही आणि नर्सिंगला जायचं नाही, अशा घरांत हल्ली दोन नावं हमखास निघतात. एक्स-रे, सीटी, एमआरआयचं रेडिओलॉजी टेक्नॉलॉजी हे जुनं नाव. दुसरं व्हेंटिलेटर आणि श्वासाच्या आजारांचं रेस्पिरेटरी थेरपी, जे कोविडनंतर लोकांच्या कानावर पडायला लागलं.

मी इथल्या एका रुग्णालयात इमेजिंग विभागात काम करतो आणि विद्यार्थ्यांना शिकवतो. दरवर्षी निफाड, सिन्नर, मालेगावकडून पालक मुलांना घेऊन भेटायला येतात. त्यांच्याशी बोलताना त्याच त्या चुका दिसतात. त्यातल्या काहींची किंमत मुलाच्या आयुष्यातली तीन-चार वर्षं असते, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मशीन बघून निवडू नका, रुग्ण बघून निवडा

‘एमआरआय मशीन भारी वाटतं’ किंवा ‘व्हेंटिलेटर म्हणजे जीव वाचवणं’ एवढ्यावर मुलं ठरवून मोकळी होतात. खरा फरक वेगळीकडे आहे आणि तो रात्रीच्या आयसीयूत लख्ख दिसतो.

रात्री अडीचला फोन येतो, ‘सहा नंबर बेड, पोर्टेबल चेस्ट,’ म्हणजे बेडवरच छातीचा एक्स-रे. रुग्णाच्या श्वासनलिकेत नुकतीच नळी टाकलेली असते. आमचा टेक्निशियन पोर्टेबल मशीन ढकलत पोचतो. रेस्पिरेटरी थेरपिस्ट नळी ओठांपाशी घट्ट धरून उभी असते आणि नळी किती सेंटिमीटर आत आहे तो नळीवरचा आकडा मोठ्याने सांगते, ‘बावीस.’ सिस्टर आणि वॉर्डातले मामा रुग्णाला अलगद उचलतात, पाठीखाली एक्स-रेचं चित्र टिपणारी पाटी, डिटेक्टर, सरकतो. ‘एक्स-रे!’ अशी हाक गेली की बाकीचे मागे होतात. व्हेंटिलेटरने श्वास आत भरला, छाती फुगली, की त्या क्षणाला बटण. चित्रात नळीचं टोक श्वासनलिका दुभंगते त्याच्या काही सेंटिमीटर वर दिसायला हवं. जास्त खाली जाऊन उजव्या बाजूला शिरलं असेल तर डाव्या फुप्फुसाला हवा मिळत नाही आणि ते मिटायला लागतं. डॉक्टर चित्र बघतात, नळी थोडी मागे घ्यायला सांगतात.

इथून दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. टेक्निशियन मशीन घेऊन निघतो, कारण खाली सीटीवर मुंबई-आग्रा महामार्गावरचा अपघात येऊन थांबलेला असतो. थेरपिस्ट तिथेच राहते. नळी नीट बांधायची, नळीभोवतीच्या फुग्याचं, म्हणजे कफचं प्रेशर बघायचं, नळीतला चिकटा ओढून काढायचा (सक्शन), धमनीतलं रक्त काढून त्यातले वायू मोजायची एबीजी तपासणी करायची, रिपोर्टप्रमाणे डॉक्टरांशी बोलून सेटिंग बदलायचं. हा रुग्ण पुढचे आठ-दहा दिवस तिचा असतो. कदाचित ती त्याची नळी काढेल, कदाचित तो जाईल, आणि दोन्ही वेळेला ती शेजारी असेल.

तेव्हा स्वतःला एवढंच विचारा: दहा मिनिटांचे पुष्कळ रुग्ण झेपतील, की दहा दिवसांचे मोजके? रेडिओलॉजीत रांग संपत नाही. प्रत्येक नवा माणूस घाबरलेला असतो आणि दोन वाक्यांत त्याचा विश्वास मिळवून त्याला स्थिर झोपवावं लागतं. रेस्पिरेटरीत माणसं थोडी, पण मृत्यू जवळून बघावा लागतो. माझ्या मते निवडीचा खरा निकष हाच, पगार आणि परदेश नंतर.

‘रेडिएशनने पुढे त्रास होतो’ म्हणून नाव कापू नका

गेल्या जूनमध्ये एक आई मुलीला घेऊन आल्या होत्या. मुलगी गप्प, आईच बोलत होत्या. ‘सर, मुलीच्या जातीला हे एक्स-रेचं काम बरं का हो? उद्या लग्न झालं, मूलबाळ व्हायचं…’ ही भीती खोटी म्हणून झटकून टाकू नये, तिला नीट उत्तर द्यावं.

अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबीने रेडिएशनमध्ये काम करणाऱ्यांसाठी मर्यादा घालून दिली आहे: सलग पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या रेडिएशनचं माप), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. गरोदरपण कळवल्यानंतर पोटातल्या बाळाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मिळू नये, हा वेगळा नियम आहे आणि त्यानुसार ड्यूटी बदलून द्यावी लागते. प्रत्येकाला टीएलडी बॅज मिळतो, अंगावर किती रेडिएशन पडलं ते टिपणारा. तो छातीवर, किरण अडवणाऱ्या शिशाच्या लेड ॲप्रनच्या आत लावायचा आणि दर तीन महिन्यांनी मोजणीला पाठवायचा. काचेआडच्या कन्सोलवरून काम करणाऱ्याचा आकडा सहसा मर्यादेच्या पुष्कळ खाली असतो. एमआरआयमध्ये तर हे रेडिएशन नसतंच. तिथे धोका चुंबकाचा. २०१८ मध्ये मुंबईत एका रुग्णाचा नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला, चुंबकाने तो खेचला गेला आणि त्यात त्याचा जीव गेला. मशीन बंद दिसलं तरी चुंबक चालू असतो, हे पहिल्या दिवशी शिकायचं.

मी त्या आईंना हे सगळं सांगितलं आणि पुढचंही सांगितलं. रेडिएशनला घाबरून रेस्पिरेटरी घेणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही की तिथे जंतूंचा सामना रोजचा आहे. सक्शन करताना, नेब्युलायझर देताना टीबीच्या किंवा न्यूमोनियाच्या रुग्णाच्या श्वासापासून वीतभर अंतरावर उभं राहावं लागतं. एन-९५ मास्क नीट बसवणं हा तिथला लेड ॲप्रन. धोका दोन्हीकडे आहे आणि दोन्हीकडे तो शिस्तीने आवाक्यात राहतो.

सर्टिफिकेटवर कोणाचं नाव येणार, हे आधी विचारा

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. दोन खोल्यांच्या संस्थेत ‘डिप्लोमा इन रेडिओलॉजी’, वर्षभराचा, आठवड्यातून दोन दिवस वर्ग, मशीन कुठेच नाही. शेवटी हातात येतो तो कुठल्यातरी स्वयंघोषित बोर्डाचा सोनेरी कागद.

नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायदा २०२१ मध्ये आला. त्यात इमेजिंगचे तंत्रज्ञ आहेत आणि रेस्पिरेटरी टेक्नॉलॉजिस्टही आहेत. त्या कायद्याने तासांचा हिशेब घालून दिला: अलाइड हेल्थ प्रोफेशनलसाठी किमान २००० तासांचं शिक्षण, दोन ते चार वर्षांत विभागलेलं, हेल्थकेअर प्रोफेशनलच्या पदवीसाठी किमान ३६०० तास, तीन ते सहा वर्षांत. आठवड्याचे दोन दिवस धरून वर्षभराचे तास मांडा, उत्तर लगेच मिळेल. दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन हे कोर्स करता येतील असं कुणी सांगितलं तर तिथून उठा. यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून या कायद्याखालच्या अभ्यासक्रमांना तशी मुभा बंद केली आहे.

नाशिककरांना एक सोय आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आपल्याच म्हसरूळला, दिंडोरी रोडवर आहे. कॉलेज संलग्न आहे का, कुठल्या कोर्ससाठी आणि किती जागांसाठी, हे विद्यापीठाच्या वेबसाइटवर बघा, शंका असली तर जाऊन विचारा. संलग्नता कॉलेजला असते तशी ती कोर्सलाही असावी लागते. एका कोर्सच्या मान्यतेवर दुसरा खपवणारे भेटतात. पुढे महाराष्ट्र पॅरावैद्यक परिषदेकडे नोंदणीचा प्रश्न येतो, तेव्हा कागद कच्चा असेल तर तिथेच अडकतं.

सोनोग्राफी शिकायला मिळेल, या आशेवर जाऊ नका

परदेशातले व्हिडिओ बघून मुलं ‘सोनोग्राफर’ व्हायचं म्हणतात. आपल्याकडे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे गरोदर बाईची सोनोग्राफी पात्र, नोंदणीकृत डॉक्टरच करतात, टेक्निशियन पोटावर फिरवायचा प्रोब हातात घेत नाही. किरणोपचाराचंही तसंच. कॅन्सरच्या लिनॅक मशीनवर काम करायला रेडिओथेरपीचं वेगळं शिक्षण लागतं. एक्स-रे, सीटी शिकून तिथे थेट जाता येत नाही.

नाशिकमध्ये राहायचं की बाहेर पडायचं, हे आत्ताच ठरवा

रेडिओलॉजीचं काम तालुक्यालाही मिळतं. मनमाड, पिंपळगाव, सिन्नर, कुठेही डायग्नोस्टिक सेंटर किंवा अस्थिरोग रुग्णालय असलं की एक्स-रेचा माणूस लागतोच. सरकारी भरतीतही क्ष-किरण तंत्रज्ञ, क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी ही पदं ओळखीची आहेत. रेस्पिरेटरी थेरपिस्टला मात्र मोठं आयसीयू लागतं. छोट्या रुग्णालयांत व्हेंटिलेटर भूलतज्ज्ञ आणि सिस्टरच सांभाळतात. त्यामुळे शिक्षणासाठी आणि पहिल्या नोकरीसाठी पुणे, मुंबई, मणिपाल अशी तयारी ठेवावी लागते. घरी आजारी माणूस असेल, गाव सोडणं शक्य नसेल, तर मी स्पष्टपणे रेडिओलॉजी सुचवतो.

परदेशाचं गणित उलटसुलट आहे. ब्रिटनमध्ये रेडिओग्राफरला, म्हणजे आपल्याकडच्या एक्स-रे टेक्निशियनला, तिथल्या एचसीपीसी या नियामक संस्थेची नोंदणी घेऊन काम करता येतं, पण रेस्पिरेटरी थेरपिस्ट हा वेगळा पेशाच तिथे नाही. ते काम फिजिओथेरपिस्ट आणि नर्स वाटून घेतात. अमेरिका, कॅनडा आणि आखातात तो पेशा भक्कम आहे. अमेरिकेत मात्र या पेशाचं प्रमाणपत्र देणाऱ्या एनबीआरसीची परीक्षा लागते आणि तिला बसायला तिथल्या मान्यतेचं शिक्षण. ‘पदवी झाली की अमेरिका’ म्हणणाऱ्या एजंटला हा एक प्रश्न विचारून बघा.

भावनेच्या भरात रेस्पिरेटरी घेऊ नका

२१ एप्रिल २०२१ नाशिककर विसरू शकत नाहीत. महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, दाब पडला आणि व्हेंटिलेटरवरचे, ऑक्सिजनवरचे २२ रुग्ण त्या दिवशी दगावले. त्यानंतर या क्षेत्राकडे ओढलेली मुलं मला भेटली आहेत आणि त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. पण रोजचं काम बारीक तपासणीचं असतं: पाइपलाइनचा दाब किती, बेडशेजारी भरलेला सिलिंडर आहे का, हाताने दाबून श्वास द्यायची अंबू बॅग हाताशी आहे का, अलार्म कोणी बंद करून ठेवलाय का. हे प्रत्येक पाळीला, न कंटाळता. शिवाय फिजिक्स नको म्हणून इकडे येणाऱ्यांनी थांबावं. व्हेंटिलेटर म्हणजे दाब, आकारमान आणि प्रवाह यांचंच गणित. एक्स-रेचे केव्हीपी, एमएएस (किरणांची ताकद आणि मात्रा ठरवणारे आकडे) परवडले म्हणायची वेळ येते.

प्रवेश झालाय आणि आता अडलंय?

मशीनवर हात लावू देत नाहीत, ही तक्रार सर्वांत जास्त. तोंडी बोलू नका. रोजची लॉगबुक ठेवा: तारीख, तपासणी, बघितली की स्वतः केली, कोणाच्या देखरेखीखाली. महिन्याने ती विभागप्रमुखांपुढे ठेवून पोस्टिंग मागा. कागद समोर असला की टाळाटाळ करता येत नाही. इंटर्नशिपसाठी जवळचं नाही, गर्दीचं रुग्णालय निवडा.

शाखा चुकली असं पहिल्या दोन महिन्यांत वाटलं तर घाई करू नका, ते पहिल्या आयसीयूचं किंवा पहिल्या रात्रपाळीचं दडपण असू शकतं. सहा महिन्यांनीही तसंच वाटलं तर पहिल्या वर्षातच बदला. फी बुडते म्हणून तीन वर्षं ओढू नका.

टीएलडी बॅज मिळाला नसेल तर रेडिएशन सेफ्टी ऑफिसरकडे लेखी मागा. मिळाला असेल तर एक्स-रेच्या खोलीत ॲप्रनला टांगून घरी जाऊ नका. तुमच्या नावावर भलताच आकडा येतो आणि त्याचा खुलासा तुम्हालाच द्यावा लागतो.

संस्था बोगस निघाल्याचं लक्षात आलं, तर फीच्या पावत्या, जाहिरातीचे फोटो आणि व्हॉट्सॲपवरची आश्वासनं जपून ठेवा. पुढचा हप्ता भरू नका. मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला आधी परत घ्या आणि मगच विद्यापीठाकडे व पोलिसांत तक्रार द्या, कारण मूळ कागद त्यांच्या कपाटात असतील तर यंदाचा दुसरा प्रवेशही हातचा जातो.