नेटवर्क अर्धवट चालतंय? आयपी अ‍ॅड्रेस देताना या चुका टाळा

नेटवर्क पूर्ण बंद पडलं की कारण लवकर सापडतं. केबल निघालेली असते, नाहीतर स्विचची वीज गेलेली असते. खरा छळ अर्धवट चालणाऱ्या नेटवर्कचा. इंटरनेट सुरू आहे, पण प्रिंटर दिसत नाही. एका कॉम्प्युटरवर सर्व्हर उघडतो, शेजारच्यावर नाही. अशा वेळी आधी केबल बदलली जाते, मग ड्रायव्हर, आणि शेवटी राउटर रिसेट होतो. त्यात आधीच्या बरोबर असलेल्या सेटिंग्जही पुसल्या जातात.

राउटरला हात लावण्याआधी तीन गोष्टी बघा: आयपी अ‍ॅड्रेस, सबनेट मास्क आणि डिफॉल्ट गेटवे (नेटवर्कबाहेर नेणाऱ्या राउटरचा पत्ता). विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ चालवा, लिनक्सवर ‘आयपी ए’ आणि ‘आयपी आर’. तिन्ही एकत्र वाचा, कारण नुसत्या अ‍ॅड्रेसवरून काहीच ठरत नाही.

मास्क न बघता टाकणं

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच. आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस ३२ बिटचा असतो, आणि त्यातले सुरुवातीचे किती बिट नेटवर्कचे, हे मास्क सांगतो. २५५.२५५.२५५.० म्हणजे पहिले २४ बिट, म्हणून त्याला /२४ असंही लिहितात. पॅकेट (डेटाचा तुकडा) पाठवण्याआधी मशीन ठरवतं की समोरचा आपल्याच नेटवर्कमध्ये आहे की बाहेर. आत असेल तर एआरपीने (नेटवर्कभर हाक देऊन नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता विचारायची पद्धत) त्याचा मॅक अ‍ॅड्रेस विचारून थेट पाठवायचं, बाहेर असेल तर गेटवेकडे द्यायचं. हा निर्णय मास्क लावूनच होतो. मास्क चुकला की निर्णयही चुकतो, पण प्रत्येक पत्त्यासाठी नाही. म्हणून तर नेटवर्क अर्धवट चालतं.

समजा, १९२.१६८.१.० आणि १९२.१६८.५.० अशी दोन /२४ नेटवर्क आहेत आणि मध्ये राउटर आहे. १९२.१६८.१.२० या कॉम्प्युटरवर कुणीतरी मास्क २५५.२५५.०.० टाकला. इंटरनेट व्यवस्थित चालेल, कारण बाहेरचे पत्ते तसेही गेटवेकडे जातात. पण १९२.१६८.५.३० वरचा प्रिंटर त्याला आपल्याच नेटवर्कमधला वाटेल. कॉम्प्युटर एआरपीने विचारत राहील, राउटर अशी सगळ्यांना दिलेली हाक (ब्रॉडकास्ट) पलीकडे नेत नाही, आणि उत्तर येणार नाही. विंडोजमध्ये पिंग (समोरचा उत्तर देतो का ते बघणारी कमांड) केल्यावर ‘रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.१.२०: डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ दिसेल. यातला पत्ता नीट वाचा: तो आपलाच आहे. आपल्या मशीनला समोरच्याचा मॅक मिळाला नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’चा अर्थ वेगळा: पॅकेट गेलं, उत्तर परतलं नाही.

काही राउटर प्रॉक्सी एआरपी करतात, म्हणजे दुसऱ्यासाठी आलेल्या विचारणेला स्वतःचा मॅक देतात. तिथे ही चूक वर्षानुवर्षं झाकलेली राहते, राउटर बदलला की उघडी पडते आणि दोष नव्या राउटरला लागतो.

उलट चूकही होते. १९२.१६८.१.२०० ला २५५.२५५.२५५.१२८ मास्क आणि गेटवे १९२.१६८.१.१. या मास्कने मशीनचं नेटवर्क १२८ ते २५५ एवढंच उरतं. गेटवे त्याच्या बाहेर, मग बाहेर जायचा रस्ताच नाही. गेटवे नेहमी आपल्याच सबनेटमध्ये असायला हवा.

तपासायची सोपी रीत: मास्कमधला २५५ किंवा ० नसलेला आकडा २५६ मधून वजा करा. २५५.२५५.२५५.१९२ असेल तर २५६ − १९२ = ६४. म्हणजे नेटवर्क ०, ६४, १२८ आणि १९२ पासून सुरू होतात. शेवटचा आकडा १०० असलेलं मशीन ६४ ते १२७ या गटात येतं. ६४ हा नेटवर्कचा पत्ता, १२७ ब्रॉडकास्टचा, आणि मशीनला देता येतील असे ६५ ते १२६, एकूण ६२. शेवटी ० किंवा २५५ असलेला पत्ता कधीच देता येत नाही, हा समज मात्र फक्त /२४ आणि त्याहून लहान नेटवर्कपुरता खरा आहे. १९२.१६८.४.०/२३ मध्ये १९२.१६८.४.२५५ आणि १९२.१६८.५.० हे दोन्ही पत्ते मशीनला देता येतात.

एकच पत्ता दोघांना

डीएचसीपीचा (आपोआप पत्ते देणाऱ्या सेवेचा) पूल, म्हणजे वाटायच्या पत्त्यांचा साठा, १९२.१६८.१.२ ते .२५४ असताना प्रिंटरला हाताने .५० दिला, की टक्कर ठरलेली. प्रिंटर बंद असताना डीएचसीपी .५० दुसऱ्या कुणाला देऊन टाकतो, प्रिंटर सुरू झाला की दोघंही अडखळतात. एकाच कंपनीचे दोन नवे कॅमेरे एकदम जोडले तरी हेच होतं, कारण कारखान्यातून अनेकदा दोघांना एकच पत्ता मिळालेला असतो.

शोधायचं असं: संशय असलेल्या उपकरणाची केबल काढा, ‘एआरपी -डी’ ने जुनी नोंद पुसा (विंडोजमध्ये त्यासाठी अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडावा लागतो) आणि त्याच पत्त्यावर पिंग करा. उत्तर आलं तर तिथे दुसरं कुणीतरी बसलंय. आता ‘एआरपी -ए’ मध्ये त्याचा मॅक दिसेल. पिंगला उत्तर आलं नाही तरी ही यादी बघाच. फायरवॉल पिंग अडवतो, एआरपी सहसा अडवत नाही.

कायमचा उपाय म्हणजे पूल आखडता घेणं. .१०० ते .१९९ डीएचसीपीसाठी, .२ ते .९९ हाताने देण्यासाठी. त्याहून बरं, डीएचसीपीमध्येच मॅकनुसार रिझर्व्हेशन करा (ठरावीक मशीनला ठरावीक पत्ता राखून ठेवा), म्हणजे सगळी नोंद एका जागी राहते.

१६९.२५४ दिसला की हाताने पत्ता टाकणं

१६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मशीनने स्वतःच घेतलेला असतो, कारण डीएचसीपीकडून उत्तर आलं नाही. हाताने पत्ता टाकला की लक्षण जातं, कारण तसंच राहतं. केबल, स्विचवरचा व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेलं वेगळं नेटवर्क) आणि डीएचसीपी सर्व्हर तपासा. मग पूल संपलाय का ते बघा. आजचे फोन वायफायवर बदलते मॅक वापरतात, त्यामुळे एकच फोन अनेक पत्ते अडवून बसू शकतो. पाहुण्यांच्या वायफायवर लीज (पत्ता वापरायची मुदत) आठ दिवसांऐवजी एक-दोन तासांची ठेवा.

पत्ता मिळतोय पण गेटवे भलताच असेल, तर नेटवर्कमध्ये दुसरा डीएचसीपी सर्व्हर घुसलाय. बहुतेक वेळा तो रेंज वाढवायला जोडलेला जुना वायफाय राउटर असतो. तो आधी वेगळा ठेवून एका लॅपटॉपला जोडा, त्याचा लॅन (आतल्या बाजूचा) पत्ता पूलबाहेरचा करा (उदाहरणार्थ १९२.१६८.१.२), नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करून डीएचसीपी बंद करा, आणि मगच मुख्य नेटवर्कची केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावा. वॅन (इंटरनेटच्या बाजूच्या) पोर्टमध्ये लावली तर डबल नॅट होतं, म्हणजे आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलण्याचं काम दोनदा होतं.

मनाला येईल ते नेटवर्क निवडणं

खाजगी वापराच्या पट्ट्या तीनच: १०.०.०.०/८, १७२.१६.०.० ते १७२.३१.२५५.२५५, आणि १९२.१६८.०.०/१६. १७२ ने सुरू होणारं सगळंच खाजगी, हा गैरसमज फार पसरलेला आहे. १७२.४०.०.० आत वापरलं, तर इंटरनेटवर ज्यांच्याकडे खरोखर ते पत्ते असतील त्यांच्यापर्यंत तुमचं ट्रॅफिक कधीच पोहोचणार नाही. ऑफिससाठी १९२.१६८.०.० किंवा १९२.१६८.१.० ही नेटवर्कही टाळा. घरोघरचे राउटर तीच वापरतात, त्यामुळे घरून व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची खाजगी वाट) जोडल्यावर दोन्हीकडे एकच नेटवर्क येतं आणि फाइल सर्व्हरसाठी निघालेलं पॅकेट घरातच फिरतं. १०.३७.२०.०/२४ सारखं काहीतरी आडवळणाचं घ्या.

सुबकतेसाठी पत्त्यात शून्यही भरू नका. १९२.१६८.१.०१० मधला शेवटचा भाग काही प्रोग्रॅम ऑक्टल (आठच्या पायावरची संख्या) धरतात आणि पिंग १९२.१६८.१.८ कडे जातो.

दोन नेटवर्क कार्डं असलेल्या सर्व्हरवर दोन्हींना गेटवे देणं हीही नेहमीची चूक. गेटवे एकाच कार्डावर ठेवा, दुसऱ्या बाजूच्या नेटवर्कसाठी स्टॅटिक रूट (हाताने ठरवलेला मार्ग) टाका.

तपासाचा क्रम

पिंग या क्रमाने करा: १२७.०.०.१ (मशीन स्वतःशीच बोलतं तो पत्ता), स्वतःचा पत्ता, गेटवे, ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर), आणि शेवटी एखाद्या वेबसाइटचं नाव. गेटवेला अडलं तर मास्क, केबल किंवा टक्कर. ८.८.८.८ ला अडलं तर राउटर किंवा त्यापुढची लाइन. फक्त नावाला अडलं तर डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा), मग आयपी सेटिंग्ज उगाच ढवळू नका.

सगळं चालतंय, पण बाहेरून कॅमेरा किंवा सर्व्हर उघडत नसेल, तर राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर सेवा देणाऱ्याने त्यांच्याकडेच आणखी एक नॅट लावलंय. तिथे पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं ट्रॅफिक आतल्या मशीनकडे वळवणं) कितीही वेळा केलं तरी उपयोग होणार नाही. त्यांच्याकडून पब्लिक पत्ता मागा, किंवा दोन्हीकडे आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) असेल तर ते वापरा.