कोंबड्यांचं अँटिबायोटिक काउंटरवरून देताना

संगमनेर भागात माझं मेडिकल आहे. माणसांच्या औषधांशेजारी जनावरांच्या औषधांचंही कपाट आहे. "ताई, शेडवर घरघर सुरू झालीय, एन्रो द्या," हे थंडीत सारखं ऐकायला येतं. एन्रो म्हणजे एन्रोफ्लॉक्सासिन, कोंबड्यांना पाण्यातून देतात ते अँटिबायोटिक. नव्यानं दुकान सुरू केलेल्या फार्मासिस्ट मित्रमैत्रिणींनो, अशा वेळी मी काय करते ते सांगते.

बाटलीला हात लावायच्या आधी विचारा: पिल्लं किती दिवसांची? रोजची मर किती? लस कोणती दिली, कधी दिली? आणि उचल, म्हणजे पक्षी विक्रीला नेणं, कधी आहे?

माना वाकड्या होत असतील, हिरवट हगवण असेल, तर मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा संशय घ्या. तो विषाणूचा आजार आहे, गंबोरोही तसाच. अँटिबायोटिकनं विषाणू मरत नाही. पक्षी वाचत नाहीत, पैसे जातात आणि शेडमधले जिवाणू औषधाला सरावतात. मर अचानक भरमसाट वाढली असेल तर मेलेले पक्षी इकडेतिकडे नेऊ नका, आधी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा, असं निक्षून सांगा. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला होता, हे आपल्याकडच्या जुन्या पोल्ट्रीवाल्यांना अजून आठवतं.

नुसती घरघर असेल तर शेडबद्दल विचारा. थंडीत पडदे गच्च बंद, खाली तूस ओलं, आत शिरलं की डोळे चुरचुरतात. म्हणजे अमोनिया साठलाय. "दादा, दुपारी पडदे वरून थोडे उघडा, तूस हलवा, ओलं काढून टाका," हा सल्ला फुकटचा असला तरी द्यायलाच हवा.

औषध लागणारच असेल तर चिठ्ठी हवी, तीही नोंदणीकृत पशुवैद्यकाची. तिच्यावर सही, तारीख, पक्ष्यांच्या मालकाचं नाव-पत्ता, औषधाचं एकूण प्रमाण आणि डोस असायला हवा. पोल्ट्री कंपनीच्या सुपरवायझरनं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेलं औषधाचं नाव म्हणजे चिठ्ठी नव्हे. माणसांचं लेव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक मागितलं तर ते शेड्यूल एच-१ मधलं, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवायच्या औषधांच्या सरकारी यादीतलं आहे हे लक्षात ठेवा; त्याचं रजिस्टर वेगळं, ते तीन वर्षं जपायचं. जवळ डॉक्टर नसतील तर १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल-फ्री नंबर द्या.

मी सगळ्यात जास्त वेळ देते तो उचलीच्या हिशेबाला. औषध थांबवल्यापासून मांस किंवा अंडी विकेपर्यंत किती दिवस जायला हवेत, ते लेबलवर छापणं २०१२ पासून बंधनकारक आहे. त्या औषधासाठी दिवस तपासून ठरवलेले नसतील, तर नियमानं कोंबडीच्या मांसाला किमान २८ दिवस आणि अंड्यांना किमान ७. आता ब्रॉयलरची, म्हणजे मांसासाठी पाळलेल्या कोंबड्यांची उचल चाळिसाव्या दिवशी धरा. २८ मागे मोजले की बारावा दिवस येतो. त्यानंतर ते औषध पाण्यात पडलं तर ती बॅच चाळिसाव्या दिवशी विकता येणार नाही. पस्तिसाव्या दिवशी बाटली मागायला आलेल्या माणसासमोर कॅलेंडर ठेवून हे मोजून दाखवा. तोंडी सांगितलेलं विसरतात. म्हणून मी बिलावरच "अमुक तारखेआधी उचल नाही" असं लिहिते. लेयरवाल्याचं, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्या पाळणाऱ्याचं आणखी अवघड, त्याची अंडी रोज निघतात. तितक्या दिवसांची अंडी बाजारात जाणार नाहीत, हे औषध देण्याआधीच बोलून घ्या.

कोलिस्टिन हे अँटिबायोटिक मात्र कुणी कितीही गळ घातली तरी नाही. जुलै २०१९ पासून खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांना आणि कोंबड्यांना त्यावर बंदी आहे, खाद्यात मिसळायच्या पावडरीलाही. दुसरी औषधं हरली की आयसीयूत पेशंटला हेच देतात. ज्याच्यामुळे जिवाणू कोलिस्टिनला दाद देत नाहीत ते एमसीआर-१ हे जनुक चीनमध्ये सापडल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं, आणि ते एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतं. आपल्याच गिऱ्हाइकाच्या घरातलं कुणी उद्या त्या आयसीयूत असू शकतं, म्हणून मी इथं तसूभरही हलत नाही. जुन्या मालात अजून एखादं पाकीट असेल तर आजच विक्रीतून बाजूला काढा.

औषध देताना आणखी एक सांगा: डॉक्टरांनी लिहिलेले दिवस पूर्ण करायचे, मर थांबली म्हणून दुसऱ्याच दिवशी बंद करायचं नाही. उरलेली पावडर पुढच्या बॅचला ठेवायची नाही, शेजारच्या शेडला द्यायची नाही, ओढ्यात तर नाहीच नाही. मी ती दुकानात परत घेते आणि मुदत संपलेल्या मालाबरोबर नष्ट करायला पाठवते.