रिपोर्ट उघडण्याआधी अंदाज लिहून ठेवा

इमर्जन्सीत नवीन आलेल्या निवासी डॉक्टरांना मी पहिल्या आठवड्यात एकच सवय लावते. रक्त लॅबला गेलं की केसपेपरच्या कोपऱ्यात दोन गोष्टी लिहायच्या. ताप किंवा थंडी किती तासांपूर्वी सुरू झाली, आणि जिवाणूंचा संसर्ग असण्याची शक्यता तुमच्या मते शंभरात किती. हे रिपोर्ट येण्याआधीच लिहायचं. आकडा एकदा डोळ्यांसमोर आला की मत त्याच्याकडे झुकतं, आणि आपल्याला मात्र वाटत राहतं की आपण पहिल्यापासून हेच म्हणत होतो.

माझ्या एका चुकीतून ही सवय आली. रात्री दोनच्या सुमारास तिशीचा एक तरुण आला. हुडहुडी भरलेली, उजव्या कुशीत दुखणं, नाडी १२४, बीपी व्यवस्थित. प्रोकॅल्सिटोनिन, म्हणजे जिवाणूंच्या संसर्गात रक्तात वाढणारा एक पदार्थ, ०.०८ आलं, अगदी कमी. मी केसपेपरवर ‘व्हायरल’ लिहिलं, अँटिबायोटिक दिलं नाही आणि त्याला निरीक्षणाखाली ठेवलं. सकाळी आठला त्याचं वरचं बीपी ७८ होतं आणि दुसऱ्यांदा पाठवलेलं प्रोकॅल्सिटोनिन १९. मूत्रपिंडाचा संसर्ग रक्तात पसरला होता. पहिलं रक्त काढलं तेव्हा थंडी भरून जेमतेम दीड तास झाला होता. मी ते विचारलंच नव्हतं. तो वाचला, पण त्या सकाळचा त्याच्या आईचा चेहरा मला अजून आठवतो.

म्हणून आधी घड्याळ. प्रोकॅल्सिटोनिन संसर्ग सुरू झाल्यावर साधारण तीन-चार तासांनी चढायला लागतं, बारा ते चोवीस तासांत शिखर गाठतं आणि संसर्ग आटोक्यात आला की दर दिवसाला जवळपास निम्मं होतं. सीआरपी, म्हणजे शरीरात कुठेही दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन, त्याहून आळशी. ते यकृतात तयार होतं, इंटरल्युकिन-६ या दाहाच्या संदेशवाहक प्रथिनाकडून निरोप मिळाल्यावर. सहा-आठ तासांनी ते वाढलेलं दिसतं आणि शिखर येतं ते दीड-दोन दिवसांनी. रक्तातून निम्मं व्हायला त्याला सुमारे १९ तास लागतात. थंडी भरून दोन तास झालेल्या पेशंटचं सीआरपी ६, म्हणजे कमी आलं, तर त्यावरून तुम्हाला काहीही कळलेलं नाही. तीन दिवस ताप असलेल्या पेशंटचं सीआरपी ६ आलं, तर बरंच काही कळलं. आकडा तोच, पण अर्थाला मधले तास लागतात. शंका असेल तर सहा ते बारा तासांनी पुन्हा रक्त पाठवा. दोन आकड्यांमधला चढ एकट्या आकड्यापेक्षा खूप जास्त बोलतो.

दोन्ही चाचण्या नेमकं काय मोजतात, तेही ध्यानात असू द्या. सीआरपी १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. न्यूमोकॉकस जिवाणूच्या ‘सी’ नावाच्या शर्करेला ते चिकटतं, म्हणून त्याच्या नावात ‘सी’. पण ती शरीराची सर्वसाधारण धोक्याची घंटा आहे. हाड मोडलं, स्वादुपिंड सुजलं, शस्त्रक्रिया झाली, तरी ती वाजते. प्रोकॅल्सिटोनिन हा कॅल्सिटोनिन संप्रेरकाचा कच्चा माल. एरवी तो थायरॉइडमध्येच बनतो आणि रक्तात जवळजवळ दिसत नाही. जिवाणूंचा मोठा संसर्ग झाला की यकृत, फुप्फुस, चरबी अशा अनेक ऊती तो सोडू लागतात. १९९३ मध्ये ही गोष्ट प्रसिद्ध झाली. विषाणूंच्या संसर्गात तयार होणारं इंटरफेरॉन-गॅमा या प्रक्रियेला लगाम घालतं, म्हणून जिवाणू की विषाणू या प्रश्नात प्रोकॅल्सिटोनिन सीआरपीपेक्षा उजवं ठरतं. उजवं म्हणजे अचूक नव्हे.

आता तो शंभरातला अंदाज कशासाठी, ते हिशेबाने बघू. समजा एक चाचणी खऱ्या संसर्गापैकी ८० टक्के पकडते आणि संसर्ग नसलेल्यांपैकी ८० टक्के लोकांना बरोबर सोडून देते. सर्दी-खोकल्याचे शंभर पेशंट घ्या, त्यांपैकी फक्त १० जणांना जिवाणूंचा संसर्ग. चाचणी पॉझिटिव्ह येईल २६ जणांची आणि त्यातले खरे ८. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या दर तिघांपैकी जवळपास दोघांना संसर्ग नाहीच. आता आजारी दिसणारे शंभर घ्या, ज्यांच्यात ८० जणांना संसर्ग आहे. निगेटिव्ह येतील ३२, आणि त्यातल्या १६ जणांना संसर्ग असेल. निम्मे! माझा तो तरुण या दुसऱ्या शंभरातला होता आणि मी त्याला पहिल्या शंभरातला समजून वागले. तुमचा अंदाज सत्तरच्या वर असेल तर कमी आलेल्या आकड्याने उपचार थांबवू नका. दहाच्या आसपास असेल तर किंचित वाढलेल्या आकड्याने घाबरून अँटिबायोटिक लिहू नका. चाचणीचा खरा उपयोग मधल्या पट्ट्यात, जिथे तुम्ही मनापासून अडकलेले असता.

काही पेशंटच्या बाबतीत आकड्याची वाटच बघायची नाही. सेप्सिसची (संसर्गामुळे अवयव बिघडू लागण्याची) दाट शंका असेल किंवा सेप्टिक शॉक (सेप्सिसमुळे बीपी कोसळणं) असेल, तर अँटिबायोटिक तासाभरात. शॉक नाही, पण सेप्सिसची शक्यता वाटते, तेव्हा झटपट तपास करून, शंका टिकली तर तीन तासांच्या आत. २०२१ ची आंतरराष्ट्रीय सेप्सिस मार्गदर्शिका तर अँटिबायोटिक सुरू करायचं की नाही, हे ठरवताना प्रोकॅल्सिटोनिन वापरू नका असंच सुचवते. थांबवायचं कधी, हे ठरवायला मात्र वापरा म्हणते. न्यूमोनियाचंही तेच. लक्षणं आणि एक्स-रे न्यूमोनिया सांगत असतील, तर पहिलं प्रोकॅल्सिटोनिन काहीही असो, उपचार सुरू करायचे, हे २०१९ च्या अमेरिकी मार्गदर्शिकेत स्पष्ट आहे.

श्वसनमार्गाच्या संसर्गात, न्यूमोनिया पक्का नसताना, हे टप्पे वापरले जातात. ०.१ च्या खाली जिवाणूंची शक्यता फारच कमी, ०.१ ते ०.२५ कमी, ०.२५ ते ०.५ मध्ये शक्यता वाढते, ०.५ च्या वर बरीच. हे आकडे नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. पण चाचणी उपलब्ध करून दिली म्हणून वापर आपोआप सुधारत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या १४ रुग्णालयांतल्या १,६५६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात डॉक्टरांना प्रोकॅल्सिटोनिनचा आकडा आणि सल्ला दोन्ही दिले, तरी अँटिबायोटिकचे दिवस कमी झाले नाहीत.

एककाकडे बघा, ही कळकळीची विनंती. सीआरपी काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. दुसरीकडून आलेल्या पेशंटच्या कागदावर १२ लिहिलेलं असतं आणि तो प्रत्यक्षात १२० असतो. दहापट फरक, आणि रात्री तीन वाजता तो सहज नजरेतून सुटतो.

लॅक्टेट, म्हणजे पेशींवर ताण आला की रक्तात साचणारा पदार्थ, संसर्ग ओळखत नाही. पेशंट किती बिघडलाय, हे ते सांगतं. फिट येऊन गेली, सल्ब्युटामॉलचे नेब्युलायझर झाले, ॲड्रेनॅलिन चालू आहे, यकृत खराब आहे, तरी ते वाढतं. नमुना फ्लोराइडच्या नळीत किंवा रक्तातले वायू तपासण्याच्या (गॅसच्या) सिरिंजमध्ये घ्या आणि लगेच तपासायला लावा, कारण तांबड्या पेशी नळीतही लॅक्टेट बनवत राहतात. पांढऱ्या पेशींवर मी सगळ्यात कमी भरवसा ठेवते. वेदना, धावपळ, स्टेरॉइड, कशानेही त्या वाढतात, आणि भीषण सेप्सिसमध्ये उलट कमी होतात. आता काही सीबीसी (रक्तपेशी मोजणारी) यंत्रं मोनोसाइट या पांढऱ्या पेशींच्या आकारातली तफावतही मोजतात, तिला एमडीडब्ल्यू म्हणतात. प्रौढांमध्ये ती २० च्या वर गेली की सेप्सिसचा विचार करा. मात्र नळीतलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) कोणत्या प्रकारचं आहे त्यावर ही मर्यादा बदलते, लॅबला विचारून घ्या.

आकडे फसवतात ते पेशंट पाठच करून ठेवा. टोसिलिझुमॅब हे संधिवातासारख्या आजारांवरचं औषध घेणाऱ्याचं सीआरपी संसर्ग असूनही वाढत नाही, कारण इंटरल्युकिन-६ चा निरोपच अडवलेला असतो. सिरॉसिसमध्येही (यकृत कडक होऊन निकामी होण्याच्या आजारात) ते दबलेलं राहतं. प्रोकॅल्सिटोनिन मोठा अपघात, भाजणं, हृदय बंद पडून पुन्हा सुरू होणं, फाल्सिपॅरम मलेरिया आणि जन्मानंतरचे पहिले दोन दिवस, यांत संसर्गाशिवाय किंवा जिवाणूंशिवायही चढतं. बंदिस्त गळू, हृदयाच्या झडपेचा संथ संसर्ग किंवा मायकोप्लाझ्मा या जिवाणूचा संसर्ग असेल, तर ते कमी राहू शकतं. तान्ह्या बाळांसाठी वेगळा नियम. २१ दिवसांपर्यंतच्या तापलेल्या बाळाची पूर्ण तपासणी होणारच, आकडा काहीही असो. २२ ते ६० दिवसांमध्ये प्रोकॅल्सिटोनिन ०.५ च्या वर किंवा सीआरपी २० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर गेलं तर धोका वाढलेला धरायचा.

आणि यातलं काहीही कल्चरची, म्हणजे रक्तातले जिवाणू लॅबमध्ये वाढवून ओळखण्याच्या चाचणीची, जागा घेत नाही. अँटिबायोटिकच्या आधी, दोन वेगवेगळ्या जागांहून, प्रौढात प्रत्येक बाटलीत आठ-दहा मिलिलिटर रक्त. बाटलीत रक्त कमी पडलं तर जिवाणू हाती लागत नाहीत, आणि पुढच्या टीमला कोणतं औषध बंद करायचं ते कळत नाही.

पेशंट वॉर्डात पाठवताना माझ्या नोटमध्ये आता चार ओळी असतातच: लक्षणं सुरू झाल्याची वेळ, रक्त काढल्याची वेळ, रिपोर्टआधीचा माझा अंदाज, आणि पुढचं रक्त किती वाजता काढायचं व तो रिपोर्ट कोण बघणार. शेवटच्या ओळीत मी ‘वॉर्ड’ लिहीत नाही. ड्युटीवरच्या डॉक्टरचं नाव लिहिते आणि त्यांना फोन करून सांगते.