साउथ चायना सीचा अभ्यास सुरू करताय? आधी १९५१ वाचा

इंटरनॅशनल रिलेशन्समध्ये (आयआर) एमए करताना डेझर्टेशनला मी अमेरिका आणि पूर्व आशियातले बेटांचे वाद हा विषय घेतला आणि पहिले दोन महिने अक्षरशः वाया घालवले. चीनची ती नाइन-डॅश लाइन (जवळपास अख्खा साउथ चायना सी आपला सांगणारी नकाशावरची तुटक रेषा), यूट्यूबचे व्हिडिओ, अमेरिकेची युद्धनौका कुठून गेली, मग चीन काय म्हणाला, बस एवढंच चाललं होतं. दोन वह्या भरल्या पण भांडण मुळात लागलं कसं ते सांगता येईना.

मग सरांनी एक झेरॉक्स हातात दिली, सॅन फ्रान्सिस्को तह, १९५१, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर जपानशी झालेला शांतता तह, त्याचं कलम २ एफ. जपान साउथ चायना सीमधल्या स्प्रॅटली आणि पॅरासल बेटांवरचा सगळा हक्क सोडतोय, असं एक वाक्य. सरांनी शेजारी पेन्सिलने लिहिलं होतं, "कोणाला?" मी पुढे शोधतोय तर काही नाहीच, पूर्णविराम! तह घडवणारे अमेरिकेचे मुत्सद्दी डलेस, तिकडे कोरियात युद्ध पेटलेलं, आणि परिषदेला ना बीजिंगच्या चीन सरकारला बोलावलं ना तैपेईच्या, म्हणजे तैवानच्या. सोव्हिएतचे प्रतिनिधी ग्रोमिको यांनी बेटं चीनची म्हणा असं सुचवलं, ते उडवून लावलं, आणि व्हिएतनामच्या प्रतिनिधीने तिथेच उभं राहून ती आमची आहेत असं सांगून टाकलं. काही जण म्हणतात अमेरिकेने मुद्दाम काडी टाकून ठेवली. मला तेवढं पटत नाही, पण नजरचुकीने राहिलं हेही पटत नाही, कारण कोरिया-जपानमधलं वादाचं बेट डोकडो उर्फ ताकेशिमा घ्या, सुरुवातीच्या मसुद्यांत ते कोरियाला होतं, १९४९ च्या शेवटी जपानकडे गेलं आणि फायनल तहात नावच गायब. अमेरिकन सरकारची ही जुनी कागदपत्रं नेटवर फुकट आहेत, कंटाळवाणी आहेत पण वाचाच.

दुसरी चूक मी भर प्रेझेंटेशनमध्ये केली. "१९७२ मध्ये अमेरिकेने सेनकाकू जपानचं आहे हे मान्य केलं," असं (जपान आणि चीन दोघंही आपली म्हणतात त्या बेटांबद्दल) ठोकून दिलं आणि समोरच्या मॅडमनी तिथेच थांबवलं. अहो, सातबारा आठवा, मालकी वेगळी आणि वहिवाट वेगळी. अमेरिकेने युद्धानंतर आपल्या ताब्यात असलेल्या ओकिनावासोबत या बेटांची वहिवाट जपानला परत दिली, मालकीवर आम्ही काही बोलत नाही म्हणाले. आणि तरी २०१४ ला ओबामा टोकियोत जाऊन सांगतात की संरक्षण करार या बेटांना लागू आहे! म्हणजे मालक कोण ते सांगणार नाही पण बांधावर कोणी आलं तर काठी घेऊन येणार. १९७४ ला पॅरासल चीनने घेतलं तेव्हा मात्र दक्षिण व्हिएतनामसाठी अमेरिकेचं सातवं आरमार (त्या भागातला त्यांचा नौदल ताफा) मध्ये पडलं नाही, कारण अध्यक्ष निक्सन दोनच वर्षांपूर्वी चीनशी जुळवून घ्यायला बीजिंगला जाऊन आले होते.

बेटांची सगळी नावं पहिल्या पानावर लिहून ठेवा, नाहीतर पॅरासल, शिशा (चिनी नाव) आणि होआंग सा (व्हिएतनामी नाव) ही तीन वेगळी ठिकाणं वाटतात, मला वाटली होती.

समुद्र कायद्याचं तर विचारूच नका, १९८२ चा करार अमेरिकेने अजून रॅटिफाय केलेला नाही पण त्याच्याच नियमांवर बोट ठेवून जहाजं फिरवतात. आमच्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अमेरिकेच्या या फेऱ्यांना टाळ्याच असायच्या. मग एप्रिल २०२१ मध्ये जॉन पॉल जोन्स ही अमेरिकन युद्धनौका लक्षद्वीपच्या पश्चिमेला, आपल्या ईईझेडमध्ये (किनाऱ्यालगतचा आपल्या खास आर्थिक हक्काचा समुद्रपट्टा), परवानगी न घेता फिरली आणि वर त्यांनी ते जाहीरही केलं. त्या दिवशी ग्रुपवर सगळे अगदी चीनच्या परराष्ट्र खात्यासारखे बोलत होते.